टाळी वाजवून पाहिली

९ फेब्रुवारी, सोमवार

काळ्या उंदरांच्या खोलीत पुन्हा पांढरी पिल्लं! सात नंबरचा पिंजरा. आईबाप दोघंही काळे, कपाळावर पांढरा ठिपका तेवढा. पिल्लं अकरा. आज अंगावर लव दिसायला लागली तेव्हा कळलं — तीन काळी, पाच ठिपकेवाली, तीन पांढरीफटक.

डिसेंबरात पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे सर मला म्हणाले होते, "बाई, शेजारच्या खोलीतला पांढरा उंदीर आत शिरला नाही ना? जाळी बघा जरा." मला फार लागलं ते. सव्वीस वर्षं हे पिंजरे माझ्या ताब्यात आहेत, एक उंदीर इकडचा तिकडे झालेला नाही. मी पिल्लू उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. शेजारच्या पांढऱ्यांचे डोळे लाल मण्यासारखे असतात. ह्याला डोळे जवळजवळ नाहीतच — खसखशीएवढे, पापणीखाली बुजलेले. सर हसले, म्हणाले, "हे काहीतरी नवीनच आहे!"

नवीनच आहे खरं. तीन आठवड्यांची झाली तरी ह्यांचे पुढचे दात हिरडीतून वर येत नाहीत. हाडं आतून भरलेली, दाताला वाटच नाही. मी खाद्याच्या गोळ्या पाण्यात भिजवून, कुस्करून ड्रॉपरने भरवते. सरांची विद्यार्थिनी — तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरेल तर शपथ — ती म्हणते, "मावशी, शनिवारी गॅसच्या पेटीत घालायचीच आहेत, कशाला जीव लावता?"

जीव नाही लावत. भुकेलं ठेवत नाही, एवढंच.


११ फेब्रुवारी, बुधवार

आज डाय. दर दुसऱ्या बुधवारी, न्हाणीघराचं दार लावून. घरात मी एकटी, तरी कडी लावते!

पंधरा वर्षांची असताना आईने पहिल्यांदा लावला. कपाळावरची ही पांढरी बट, दोन बोटं रुंद, जन्मल्यापासूनची. आई ब्रश धरून म्हणाली, "हे नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये." नाही कळलं. एकोणतीस वर्षं संसार केला आणि ते गेले. त्यांना वाटायचं मी म्हातारपणाला घाबरते. चिडवायचे — आमच्या राणीसाहेबांचे केस पिकायला परवानगी नाही!

डावा कान तापात गेला, हेही आईचंच वाक्य. कुठला ताप, कितव्या वर्षी, मी कधी विचारलं नाही. लोकांना तेच सांगत आले.


१५ फेब्रुवारी, रविवार

चिमी, जावई आणि बाळ आले होते. सोबत विहीणबाई. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यावरून चिमीची आणि माझी नेहमीसारखी जुंपली. मी तिथे बसले की सगळे चांगल्या कानाच्या बाजूला येतात. तिला का हवा? लहानपणापासूनचा हट्ट! "ती माझी जागा आहे, आई." तिशी ओलांडली, एका पोरीची आई झाली, तरी जागा सोडत नाही. शेवटी मीच उठले.

बाळ दहा महिन्यांचं झालं. कपाळावर पांढऱ्या केसांचा झुपका — जन्मली तेव्हापासून सगळे तिला "म्हातारी" म्हणतात. म्हातारी हसते गोड, पण तोंडातून "बा" नाही, "मा" नाही. नुसतं घशातून काहीतरी. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या ह्याने आठव्या महिन्यात घर डोक्यावर घेतलं होतं." मग चिमीकडे बघून, "आईच अशी. पोर रडून रडून लाल होतं आणि ही कुशीवर वळून झोपलेली! मी उठवते तेव्हा उठते."

चिमी मागाहून स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "आई, दवाखान्याच्या कार्डावर कानाची तपासणी राहिली असं लिहिलंय. तेव्हा त्यांचं मशीन बंद होतं. करून घेऊ का आता?"

मी म्हटलं, "अगं, मी तपासलंय ना. दोन महिन्यांची होती तेव्हा, आणि सहाव्या महिन्यातही." पुन्हा करून दाखवलं. चिमीने तिला मांडीवर घेतलं, मी मागून टाळी वाजवली. म्हातारी दचकली, मान वळवली. "बघ! उंदरांचे कान तपासण्यात केस पांढरे केले मी, मला शिकवतेस?"

सगळे हसले. चिमीला हायसं वाटलेलं दिसलं. मलाही.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी सकाळी धावत आली. "मावशी, सापडला! जनुक सापडला!" सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

मला कळेल असं सांग म्हटलं तर बाकावर चढून बसली आणि सांगायला लागली. शेजारच्या खोलीतले पांढरे उंदीर म्हणजे असं घर, की रंगारी आलेत पण त्यांचे डबे रिकामे आहेत. आपल्या ह्या पांढऱ्यांमध्ये रंगारीच आलेले नाहीत. हा जनुक म्हणजे त्यांचा मुकादम. तो बाकीच्या जनुकांना कामाला लावतो, तेव्हा कुठे रंगाच्या पेशी तयार होतात. त्याची आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, दोन्ही प्रती बिघडल्या की पेशीच नाहीत. म्हणून कातडी पांढरी, डोळे खुरटलेले. हाडं कोरणाऱ्या पेशींवरही त्याचाच हुकूम, म्हणून दातांची ती गत.

"आणि एकच प्रत बिघडली तर?"

"तर ठिपका. कपाळावर, नाहीतर पोटावर. बाकी उंदीर झकास."

मग सहज म्हणाली, "आणि कान. कानाच्या आतसुद्धा ह्याच पेशी लागतात, मावशी. रंगासाठी नाही, आतल्या पाण्यातला विजेचा भार राखायला. त्या नसल्या तर कानाचं यंत्र सगळं जागेवर, पण वीजच नाही. तुमच्या वहीत पांढरे सगळे बहिरे आहेत, बरोबर ना? आणि ठिपकेवाले?"

"ऐकतात," मी म्हटलं. "सगळे."

हातातला चहा गार झाला होता. कपाळावरची बट, डावा कान — पन्नास वर्षं मी ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या होत्या.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठिपकेवाले ऐकतात. मी तपासलंय. म्हातारीही ऐकते.


२ मार्च, सोमवार

भिंगरी माझी वही घेऊन गेली. पानावर दोन रकाने — "ऐकतो", "ऐकत नाही". पिल्लू एकवीस दिवसांचं झालं की पिंजऱ्यामागे उभं राहून टाळी वाजवायची आणि कान बघायचे. ऐकणाऱ्याचा कान फडकतो, अंग दचकतं. मावशींची टाळी! बाहेरगावचे पाहुणे आले तरी सर त्यांना दाखवायला आणतात. एकतीस ठिपकेवाले, एकतीसही "ऐकतो".

सर तेच छापायला पाठवणार आहेत. आभारात माझं नाव घालणार म्हणाले. आजवर कुणी घातलं नव्हतं.


५ मार्च, गुरुवार

आज सगळं पालथं झालं.

भिंगरीने कुठूनतरी नवं मशीन मागून आणलंय. पिल्लाला झोपेचं औषध द्यायचं, डोक्याच्या कातडीत बारीक सुया, एकेका कानात टिकटिक आवाज सोडायचा. पडद्यावर लाट उठली तर मेंदूपर्यंत आवाज पोचला. नाही उठली तर नाही पोचला. दोन दिवस ती एकतीस ठिपकेवाल्यांना लावत होती. आज दुपारी मला बोलावलं. कागद समोर ठेवला आणि माझ्याकडे बघेना.

अठरा ठीक. नऊ एका कानाने बहिरे. चार दोन्ही कानांनी!

"मशीन चुकलं असेल," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही टाळी वाजवता तेव्हा पिल्लू एकटं असतं का?"

नसतं. कशाला असेल? भरवायला वेगळी ठेवलेली पांढरी सोडली तर वीणच्या वीण एका पिंजऱ्यात असते, आठ-दहा पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. एकटं काढलं तर भेदरून थिजतं, काही कळत नाही — म्हणून मीच ही पद्धत बसवली होती. मी, कुणी दुसऱ्याने नाही.

तिने तिथेच करून दाखवलं. चार बहिऱ्यांपैकी एक पिल्लू भावंडांत ठेवलं. टाळी. सगळी दचकली, तेही दचकलं. मग तेच रिकाम्या पिंजऱ्यात, खाली जाड फोम, मध्ये पुठ्ठा. वारा नको, सावली नको. जरा सावरू दिलं. टाळी. पुन्हा टाळी. पिल्लू आपलं मिशा साफ करत बसलं.

शेजारच्याचं अंग हललं म्हणून तेही हलत होतं. एवढंच.

सर आले, कागद वाचला. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला." ओरडले असते तर बरं झालं असतं.


६ मार्च, शुक्रवार

म्हातारी मांडीवर होती. तिन्ही वेळा मांडीवर होती.


८ मार्च, रविवार

चिमीकडे गेले. न कळवता. जावई बाहेर, विहीणबाई झोपलेल्या. चिमी ओट्याशी भांडी विसळत होती. म्हटलं, तू कर तुझं काम, मी बघते बाळाला.

तिला खोलीच्या मध्यभागी जाड सतरंजीवर बसवलं, समोर ठोकळे. खिडकीचा पडदा ओढला, माझी सावली पडू नये म्हणून. तिच्या पाठीमागे दाराच्या चौकटीत उभी राहिले. हात टाळीला उठेनात! सव्वीस वर्षांत किती टाळ्या वाजवल्या असतील, हीच एक जड झाली.

वाजवली. तिने एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. पुन्हा वाजवली, जोरात. ठोकळा पडला, तिने उचलला. मग कपाटावरचं स्टीलचं झाकण काढून फरशीवर आपटणार होते — फरशीही हादरते, म्हणून हातात धरून चमच्याने बडवलं. स्वयंपाकघरातून चिमी धावत आली. "आई! काय पडलं?"

म्हातारी तिला अचानक समोर बघून खूश झाली. दोन्ही हात वर केले.

"काही नाही," मी म्हटलं. "झाकण."

आणि घरी आले. सांगितलं नाही! सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार — हे कुठून आलं, कुणाकडून आलं, मी काय काय लपवलं. बसमध्ये बसून रडले. शेजारची बाई विचारत होती बहुतेक, पण ती डाव्या बाजूला होती.


९ मार्च, सोमवार

भिंगरी काम करता करता म्हणाली, "माणसांतही असतं हे, मावशी. एक प्रत बिघडलेली. पांढरी बट, कधी निळा डोळा, कधी एक कान नाहीतर दोन्ही. एकाच घरात कुणाला नुसती बट, कुणाला नुसता कान. तुमच्या ओळखीत आहे कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, लहान मुलांचं लवकर कळावं लागतं. पहिल्या वर्षात मेंदू आवाजाची वाट बघतो. वाट बघून बघून ती जागा मग दुसऱ्या कामाला देऊन टाकतो.

मी भुसा बदलत होते. बदललेलाच भुसा पुन्हा बदलला.


११ मार्च, बुधवार

डायची बाटली उघडली. बंद केली.


१४ मार्च, शनिवार

नऊ नंबरची वीण पेटीत घातली. वहीवर विश्वास नाही तर त्या पिल्लांचा उपयोग नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. झाकण लावायचं, गॅसची कळ फिरवायची, पाच मिनिटं थांबायचं. इतकी वर्षं मी त्या पाच मिनिटांत दुसरीकडे बघते. आज बघत राहिले. चौदा पिल्लं. माझी एक चुकीची पद्धत आणि चौदा पिल्लं. पुढच्या आठवड्यात आणखी.

चिमीचा फोन आला होता. म्हातारीला पहिला दात आलाय. मी "हो का!" म्हटलं.


१६ मार्च, सोमवार

रजा टाकली. चिमीकडे गेले.

तिला समोर बसवलं आणि केस मागे ओढून कपाळ दाखवलं. तीन आठवडे डाय नाही, मुळाशी पांढरं चांगलंच वर आलंय. दोन बोटं रुंद. ती आधी हसली. "अगं, वयच झालं तुझं!" मग तिने बाळाकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. हसू जागच्या जागी विरलं.

मी सांगत गेले. आई, ब्रश, न्हाणीघर, डावा कान. जनुक. पिंजऱ्यातली टाळी. सतरंजीवरची टाळी. एका दमात. कुठे थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

"कधी? सतरंजीवर कधी?"

"मागच्या रविवारी."

"आठ दिवस!" तिचा आवाज चिरला. "आठ दिवस तू गप्प बसलीस? मी विचारलं होतं तुला, आई. दोन महिन्यांची होती तेव्हा विचारलं, परवा विचारलं. दर वेळी तू म्हणालीस, मी तपासलंय. मी जगाचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं!"

माझं चुकलं म्हटलं. ते इतकं छोटं वाक्य आहे की म्हणताना लाज वाटली.

म्हातारी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. आमची तोंडं हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिला त्यातलं काय पोचत होतं देव जाणे. चिमीने तिला उचललं, आत गेली, दार लावलं. मी थोडा वेळ बसून निघाले.


२४ मार्च, मंगळवार

बाळाच्या तपासणीला मला नेलं नाही. जावयांचा निरोप आला — दोन्ही कान. पडद्यावर काही नाही.

अकरा महिने आम्ही तिच्याशी बोललो, गाणी म्हटली, तिच्या पाठीमागे खुळखुळे वाजवले.


२ एप्रिल, गुरुवार

चिमी फोन उचलत नाही. दहा दिवस. जावई बिचारे मध्ये पडून दोन्हीकडचं सांभाळतात. आज बोलले — कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिन्यांची असताना आणली असती तर फार बरं झालं असतं, पण अजून गाडी सुटलेली नाही. आधी कानाला मशीन, मग ऑपरेशन करून आत यंत्र बसवायचं. बोलेल, पण मेहनत आहे. "आई, नऊ तारखेला घरातल्या सगळ्यांचे कान तपासायचेत. तुम्हीही या."

"चिमी काय म्हणते?"

"तीच म्हणाली, आईला सांग."

इकडे भिंगरीला सगळं सांगून टाकलं. बटही दाखवली. ती उठली आणि काही न विचारता माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. आम्ही आता पिल्लं एकेक करून तपासतो. हळू काम आहे.


९ एप्रिल, गुरुवार

तपासण्या झाल्या. जावयांचे दोन्ही कान उत्तम. माझा डावा शून्य, ते ठाऊकच होतं.

चिमीचा डावा, शून्य. जन्मापासून, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलो. डावा कोपरा तिने मला दिला. माझ्याशी बोलायला तिला अख्खं वळावं लागत होतं, तेव्हा माझ्या लक्षात आलं — सोफा, कुशीवर वळून झोपणं, शाळेतून येणाऱ्या तक्रारी, चौथीत हाक ऐकली नाही म्हणून मी मारलेली थोबाडीत. मी विचारलं, "कधी बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते. दुसरीत होते. म्हटलं, आई, ह्या कानाने येत नाही. तू माझ्या मागे उभी राहून टाळी वाजवलीस. म्हणालीस, येतंय की चांगलं, लक्षच नसतं तुझं." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "मला वाटलं, तसंच असेल."